देखभालीच्या मूल्यमापनासाठी घरी कुणी येणार असेल तर

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज किती मदत लागते हे बघून अहवाल लिहिणं, म्हणजे देखभालीचं मूल्यमापन. पण परकं माणूस समोर आलं की म्हातारी माणसं ताठ बसतात. एरवी दोन्ही हातांनी टेकू घेऊन उठणारे आजोबा झटक्यात उभे राहतात, ‘माझं मी सगळं करतो’ असं ठणकावून सांगतात, आणि अहवालात तेच उतरतं. मूल्यमापन करणाऱ्याच्या हाती जेमतेम तास-दोन तास असतात. तेवढ्यात त्याला रोजचे हाल कळावेत, एवढ्यासाठीच ही तयारी.

सुरुवात वहीपासून करा, आणि भेटीच्या आठवडा-दोन आठवडे आधीच. काय लिहायचं? माणूस रोजच्या जगण्यात किती स्वावलंबी आहे हे मोजायला अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये सहा गोष्टी मांडल्या: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवणं. आजच्या कितीतरी प्रश्नावल्या याच गोष्टींभोवती फिरतात. त्यांच्या जोडीला औषधं, स्वयंपाक, फोन आणि पैशांचे व्यवहारही नोंदवा.

नुसतं ‘मदत लागते’ लिहून भागत नाही. ‘शर्ट स्वतः घालतात, बटणं आम्ही लावतो. पायजमा घालताना कपाट धरतात, तरी तोल जातो, म्हणून कुणीतरी मागे उभं राहतं’ असं लिहा. हे मागे उभं राहणं घरच्यांच्या हिशेबात कधीच येत नाही. हात लावला नाही म्हणजे मदत केली नाही, असंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लक्ष ठेवणं, ‘आता गोळी घ्या’ अशी आठवण करणं, घास भरवणं हे सगळे मदतीचेच प्रकार आहेत. रात्रीचंही लिहा: किती वेळा उठावं लागलं, चादर बदलावी लागली का. पडल्याची तारीख आणि जागा टिपून ठेवा. चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही येऊ द्या. फुगवून मात्र काही लिहू नका. डॉक्टरांच्या कागदांशी मेळ बसला नाही की खऱ्या नोंदींवरही शंका घेतली जाते.

कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा: डिस्चार्ज कार्ड, अलीकडचे रिपोर्ट, औषधांची यादी मात्रेसकट.

त्या दिवशी घर आवरायच्या फंदात पडू नका. कमोडची खुर्ची, वॉकर, गादीवरचं रबरी कापड जिथे असतं तिथेच राहू द्या. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं असू द्या. औषधं नेहमीच्याच वेळी द्या. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये गोळीचा अंमल असताना आणि उतरल्यावर हालचालीत बराच फरक पडू शकतो. तसं असेल तर गोळी किती वाजता घेतली ते सांगा. कदाचित खुर्चीतून उठून 3 मीटर चालायला आणि वळून परत येऊन बसायला सांगतील. त्याचा आधी सराव करून घेऊ नका.

बोलण्याचा पहिला मान आजी-आजोबांचाच. मधेच तोंड घालून ‘नाही हो, जमत नाही यांना’ म्हटलं की माणूस दुखावतो आणि हट्टाला पेटतो. त्याऐवजी ‘काल अंघोळीच्या वेळी काय झालं ते सांगा ना’ असं सुचवा. स्मृतिभ्रंश असेल तर उत्तरं ऐकायला अगदी पटण्यासारखी असतात, खरी असतीलच असं नाही. अशा वेळी पाच-दहा मिनिटं वेगळं बोलायला मागा आणि वही पुढे ठेवा.

‘तुम्ही कसं निभावता?’ असं विचारलं तर ‘करतो आम्ही सगळं’ हे तोंडावर आलेलं उत्तर गिळा. उचलून उचलून पाठ धरली असेल, रात्रीची झोप होत नसेल, नोकरीवर परिणाम होत असेल, तर स्पष्ट सांगा. मदत किती तासांची लागेल, हे यावरही अवलंबून असू शकतं.

मूल्यमापन करणारा निघताना त्याचं नाव लिहून घ्या, लेखी अहवाल कधी मिळेल ते विचारा. आला की वहीशी ओळ न् ओळ ताडून बघा. निर्णय पटला नाही तर फेरविचाराची मुदत बऱ्याचदा ठरावीक असते; ती तारीख आधी शोधा आणि अर्जाला वहीतल्या नोंदींची प्रत जोडा.