बायपॅपचा पहिला अर्धा तास

महापालिकेच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी २१ वर्षं सिस्टर आहे. दर थोड्या महिन्यांनी नवे इंटर्न येतात, नव्या स्टाफ नर्स येतात. दम लागलेल्याला कसं बघायचं आणि बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन, कसं लावायचं, हे त्यांच्यासाठी. दम लागलेला पेशंट ट्रॉलीवर आला की सगळ्यांचा हात आधी बोटाच्या प्रोबकडे जातो, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी (सॅच्युरेशन) दाखवणाऱ्या चिमट्याकडे. लावा प्रोब, पण आकडा येईपर्यंत माणूस बघून घ्या. सलग वाक्य बोलतोय की दोन शब्दांवर अडतोय? मानेच्या शिरा ताणल्यात का? बरगड्यांमधली जागा आत खेचली जातेय का? मग घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. आपल्याकडे प्रत्येक केसपेपरवर श्वास २० असतो. धापा टाकणाऱ्याचा २० आणि बोट कापून आलेल्याचाही २०. तसं करू नका. ३० च्या वर श्वास असेल तर सॅच्युरेशन ९५ दिसलं तरी तो पेशंट आजारी आहे.

जुलैत मुंबईच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्याची बोटं गार पडलेली असतात, तिथे प्रोब काहीबाही दाखवतो. बोट पुसा, चोळून गरम करा, नेलपॉलिश असेल तर काढा, नाहीतर कानाच्या पाळीला लावून बघा.

पाठीला उशा देऊन बसवा. आडवं करायचा हट्ट नको, ईसीजीसाठीसुद्धा नको. ऑक्सिजन कशातून देताय त्यावर बरंच ठरतं. नाकातली नळी मिनिटाला १ ते ६ लिटर. साधा मास्क ५ लिटरच्या खाली कधीच नाही, नाहीतर सोडलेलाच श्वास पेशंट परत ओढतो. पिशवीवाला मास्क असेल तर आधी पिशवी फुगवून घ्या, मग तोंडाला लावा, १० ते १५ लिटरवर. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो वाढवा. एरवी सॅच्युरेशन ९४ ते ९८ पुरे. जुन्या सीओपीडीवाल्याला (धूर-धुळीने फुप्फुसं कायमची खराब झालेल्याला) मात्र ८८ ते ९२.

हा शेवटचा आकडा मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लालबागकडचे एक आजोबा आले होते. गिरणीत हयात गेलेली, वर बिडी. सॅच्युरेशन ७८. मी पिशवीवाला मास्क १५ लिटरवर लावला, सॅच्युरेशन ९९ झालं, आजोबा शांत झोपले. मला वाटलं, बरं झालं. तासाभराने ते हाकेला ओ देईनात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला होता. ते वाचले, पण तेव्हापासून दम लागलेला पेशंट अचानक शांत झाला की मी आधी त्याला हलवून उठवते. अशा पेशंटला ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क द्या. निळा २४ टक्क्यांचा, पांढरा २८ चा. नेब्युलायझेशन (औषधाचा फवारा) शक्यतो ऑक्सिजनऐवजी साध्या हवेवर द्या, सोबत नाकात ऑक्सिजनची नळी राहू द्या.

आता बायपॅप. सगळ्यात जास्त फायदा दोघांना होतो. एक, हे सीओपीडीवाले, ज्यांच्या एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच ७.३५ च्या खाली, म्हणजे रक्त आम्ल झालेलं, आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर आहे. दुसरा, मध्यरात्री फुप्फुसात पाणी भरून आलेला हार्टचा पेशंट. घामाने भिजलेला, बीपी २०० च्या आसपास, गुलाबी फेस. त्याला सीपॅपही (सतत एकाच दाबाने हवा देणारं मशीन) चालतो. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप आणि लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स यांच्या जोडीला मास्कचा दाब मिळाला की अर्ध्या तासात तो वाक्यं बोलायला लागतो. कॅज्युअल्टीत इतका झटपट फरक फार थोड्या गोष्टींनी दिसतो.

मशीन आणल्या आणल्या पट्टे आवळू नका. गुदमरणाऱ्या माणसाच्या तोंडावर रबर दाबलं तर तो ओढून काढणारच, आणि मग आपण केसपेपरवर लिहितो, ‘पेशंट कोऑपरेट करत नाही’. आधी मास्कचं माप बघा. नाकाच्या हाडापासून खालच्या ओठाच्या खालपर्यंत. मोठा मास्क डोळ्यांत वारा मारतो. हलणारी कवळी काढून ठेवा, नातेवाइकाच्या हातात द्या, हरवली तर घरी गेल्यावर आपल्या नावाने बोंब. मशीन चालू करा, मास्क पेशंटच्याच हातात द्या आणि सांगा, ‘बाबा, जोरात वारा येईल. त्याच्याशी भांडू नका, तो आत घ्या. मी इथेच आहे.’ त्यांच्या हातावर आपला हात ठेवून दोन-चार मिनिटं मास्क नुसता धरा. श्वास मशीनशी जुळला की मग पट्टे लावा. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत.

सेटिंग डॉक्टर सांगतील, पण आपल्यालाही कळायला हवं. आयपॅप म्हणजे श्वास घेतानाचा दाब, ईपॅप म्हणजे सोडतानाचा. साधारण आयपॅप १०, ईपॅप ५ वर सुरुवात होते. कार्बन डायऑक्साइड काढायचा तर पाच-दहा मिनिटांनी आयपॅप दोन-दोनने वाढवत १५ ते २० पर्यंत नेतात. ऑक्सिजन कमी पडत असेल तर ईपॅप किंवा ऑक्सिजन वाढवतात.

एका नळीच्या मशीनला मास्कवर किंवा नळीवर हवा बाहेर जायला एक भोक असतं. ते असायलाच हवं, कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो. एकदा आमच्या वॉर्डबॉय मामांनी ‘सिस्टर, लीक होतंय’ म्हणून त्याच्यावर मायक्रोपोरची चिकटपट्टी लावली होती. मामांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नळी जोडून झाली की हात लावून बघा, भोकातून वारा लागला पाहिजे.

पहिला अर्धा तास पेशंट सोडून जाऊ नका. दोन सिस्टर आणि चाळीस पेशंट असतात, मला माहीत आहे. तरीही इंटर्नला तिथे स्टूल देऊन बसवा. तासाभराने एबीजी परत करा. श्वास ३५ वरून २५ वर आला, मानेचे स्नायू सैल पडले, पीएच वर सरकला, तर जमतंय.

उलटी होत असेल, शुद्ध हरपत असेल, थुंकीतून भरपूर रक्त येत असेल, तर मास्कवर वेळ घालवू नका. ऑगस्टमध्ये पाण्यातून चाललेला, डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत आणि आता खोकल्यातून रक्त, असा तरुण आला की लेप्टो (पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) धरून चाला आणि घशातून श्वासनळीत नळी घालण्यासाठी भूलतज्ज्ञांना आधीच फोन लावा. तास उलटून पीएच ७.२५ च्या खालीच असेल तरी तेच. नातेवाईक म्हणतात, ‘व्हेंटिलेटर नको, तिथून कोणी परत येत नाही.’ त्यांच्याशी मास्क लावतानाच बोलून ठेवा. ‘हा पहिला प्रयत्न आहे, तासाभरात फरक नाही पडला तर नळी घालावी लागेल.’ नळी घालायच्या वेळी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसतं.

बेड मिळून पेशंट वर न्यायची वेळ आली की सिलिंडरचा हिशोब करा. बी टाइप भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. काटा अर्ध्यावर असेल तर ७५०, म्हणजे १० लिटरच्या फ्लोवर ७५ मिनिटं, आणि त्यातला कितीतरी वेळ लिफ्टची वाट बघण्यात जातो. सिलिंडरची चावी ट्रॉलीला दोरीने बांधा. मशीनची बॅटरी तपासा. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात नाही, तुमच्या हातात हवी. लिफ्टमध्ये काही झालं तर वाकायला जागा नसते.