सूर्यग्रहणासाठी पुण्याजवळ तंबूचा मुक्काम: जागा, वेळ आणि डोळ्यांची काळजी

25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पुण्यातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले आणि सूर्य ग्रासलेल्या अवस्थेतच मावळला. पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. आमच्या आठ जणांच्या वाट्याला मात्र तो अस्त आला नाही. आम्ही मावळातल्या एका धरणाच्या काठी तंबू ठोकले होते. पाच वाजण्याच्या थोडे आधी स्पर्श झाला, सूर्याच्या कडेला खाच दिसू लागली, आणि ग्रहण रंगात येत असतानाच सूर्य समोरच्या डोंगराआड गेला. आकाश निरभ्र होते, चष्मे उत्तम होते, चहासुद्धा चांगला झाला होता. चुकली होती ती जागा. ती निवडताना आम्ही पाण्याचा देखावा पाहिला, पण सूर्य ज्या दिशेला मावळणार होता तिथले क्षितिज पाहिले नाही.

म्हणून आखणीची सुरुवात तंबूपासून नव्हे, तर ग्रहणाच्या वेळी सूर्य कुठे असेल या प्रश्नापासून करावी. पंचांगात किंवा स्टेलॅरियमसारख्या अ‍ॅपमध्ये आपल्या गावासाठी स्पर्श (ग्रहण लागणे), मध्य (ग्रहण सर्वाधिक असणे) आणि मोक्ष (ग्रहण सुटणे) यांच्या वेळा पाहाव्यात आणि त्या प्रत्येक वेळी सूर्याची दिशा आणि क्षितिजापासूनची उंची टिपून घ्यावी. सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या तासात पुण्यातून सूर्य सुमारे सात अंशांच्या खाली असतो. एक किलोमीटर अंतरावर, आपल्यापेक्षा सव्वाशे मीटर उंच असलेली टेकडी तेवढा कोन सहज झाकते, आणि मावळात अशा टेकड्यांना तोटा नाही. मोजण्यासाठी उपकरण लागत नाही: हात सरळ लांब करून मूठ आडवी धरली की ती साधारण दहा अंश व्यापते.

जागेची पाहणी करायला ग्रहणाच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. सूर्य आकाशातला तोच मार्ग वर्षातून दोनदा चालतो. 25 ऑक्टोबरला तो जिथे मावळतो, जवळजवळ तिथेच 16 फेब्रुवारीलाही मावळतो, फक्त घड्याळातली वेळ थोडी वेगळी असते. 21 डिसेंबरपासून मागे जितके दिवस, तितकेच पुढे मोजले की जोडीदार तारीख मिळते. त्या दिवशी संध्याकाळी जाऊन उभे राहिले की झाड, विजेचा मनोरा किंवा शेजारच्या शेतघराचे छप्पर आड येते का, हे डोळ्यांनी कळते.

माझे स्पष्ट मत असे आहे की ग्रहणासाठी पुणेकरांनी सवयीने पश्चिमेकडे, म्हणजे मुळशी, ताम्हिणी आणि पवनेकडे न वळता दिवेघाट चढून सासवडच्या बाजूला किंवा त्याही पुढे यवत, सुपे, बारामतीकडे जावे. तिकडची माळराने उघडी आहेत. सासवडहून नैर्ऋत्येला पुरंदर उभा असला तरी बाकीच्या दिशा बऱ्याच मोकळ्या सापडतात. दुसरे कारण ढगांचे आहे. समुद्रावरून येणारे बाष्प घाटमाथ्यावर रिते होते आणि पूर्वेकडे पर्जन्यछाया पडते. त्यामुळे 2 ऑगस्ट 2027 च्या ग्रहणासाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास राहणारे, म्हणजे सूर्य पूर्ण झाकणारे, हे ग्रहण आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास दिसेल, तेही ऐन पावसाळ्यात. अशा वेळी एका जागी मेखा ठोकून बसण्यापेक्षा मुक्काम घराच्या किंवा धर्मशाळेच्या छपराखाली करून, सकाळी उपग्रहाची चित्रे पाहून, गाडीने ढगांतली फट गाठावी हे अधिक शहाणपणाचे आहे.

सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, आणि 2 ऑगस्ट 2027 हा सोमवार आहे. म्हणजे सोमवती. त्या दिवशी खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते आणि जेजुरीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, हे सासवडमार्गे जाणाऱ्यांनी विसरू नये. शिवाय ती आषाढी अमावास्या असल्याने आदल्या शनिवार-रविवारी धरणांच्या काठी गटारीचा जो गोंगाट असतो, त्यात लहान मुलांना घेऊन राहणे मला तरी योग्य वाटत नाही.

त्यानंतर 21 मे 2031 रोजी केरळ आणि तमिळनाडूतून कंकणाकृती, म्हणजे चंद्राभोवती सूर्याचे कडे उरणारे, ग्रहण दिसेल. पुण्यात ते खंडग्रास असेल. मेच्या त्या दिवसांत पुण्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा क्षितिजाची चिंता उरत नाही, पण उन्हाची चिंता दुप्पट होते. आंब्याच्या किंवा वडाच्या सावलीजवळ जागा धरावी, मान दुखू नये म्हणून चटईवर आडवे पडून पाहावे, माणशी किमान चार लिटर पाणी ठेवावे आणि बंद तंबूत कोणालाही, विशेषतः मुलांना, झोपू देऊ नये. 20 मार्च 2034 चे खग्रास ग्रहण लडाखमधून दिसणार आहे. तिथे जाणाऱ्यांनी मार्चमधल्या रात्रीची थंडी लक्षात घेऊन तंबूऐवजी घरगुती निवास निवडावा आणि लेहला पोचल्यावर विरळ हवेची सवय होण्यासाठी पहिले दोन दिवस विश्रांतीला ठेवावेत.

मुक्कामासाठी गडमाथा टाळावा. वनखात्याच्या जमिनीवर आणि संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय राहता येत नाही. त्यापेक्षा गावातल्या शेतकऱ्याला आधी भेटून, त्याच्या पडीक रानात राहण्याची परवानगी आणि पाण्याची सोय ठरवून घ्यावी. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, तिथे रात्री गाडी किती वेळात पोचते, हेही त्याच भेटीत विचारावे. माळावर घोणस आणि फुरसे असतात, म्हणून बूट घालण्यापूर्वी झटकावेत आणि तंबूची चेन उघडी ठेवू नये.

आदल्या रात्री राहण्याचे खरे बक्षीस म्हणजे अंधार. अमावास्येच्या तोंडावर चंद्र जवळजवळ नसतोच, आणि पुण्याचा उजेड मागे टाकला असेल तर मार्चमध्ये मृग नक्षत्र आणि मेमध्ये दक्षिणेला त्रिशंकू स्पष्ट दिसतो. विजेरीच्या तोंडावर लाल जिलेटीनचा कागद रबराने लावला की डोळे दिपत नाहीत.

आता डोळ्यांविषयी, आणि इथे घाई करू नये. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे तो भाजत असतानाही पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. दृष्टीच्या मध्यभागी धूसर डाग दिसणे किंवा सरळ रेषा वाकडी दिसणे ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात. म्हणून साधा गॉगल, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी आणि शेणकाल्याच्या पाण्यातले प्रतिबिंब ही सर्व साधने बाद समजावीत, ती आजोबांनी वापरली असली तरीही. सूर्य पाहण्याच्या चष्म्यांसाठी असलेल्या आयएसओ 12312-2 या आंतरराष्ट्रीय मानकाचा ग्रहणचष्मा घ्यावा, आणि तो रस्त्यावरच्या विक्रेत्याऐवजी ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, 1944 पासून पुण्यात काम करणाऱ्या खगोलप्रेमींच्या संस्थेकडे चौकशी करून घेतलेला बरा. शिक्का कोणीही छापू शकतो, म्हणून घरी तपासावे: चष्म्यातून खोलीतले काहीही दिसता कामा नये, आणि फिल्मवर ओरखडा किंवा टाचणीएवढे भोक असेल तर तो चष्मा कात्रीने कापून टाकावा. मान खाली घालून चष्मा लावावा, मग वर पाहावे; काढतानाही आधी मान खाली. नंबरचा चष्मा असल्यास ग्रहणचष्मा त्याच्यावर धरावा. लहान मुलांसाठी पत्रावळीला दोन खिडक्या कापून त्यात चष्मा चिकटवला की चेहरा झाकला जातो आणि बाजूने डोकावण्याचा मोह राहत नाही. दुर्बिणीतून पाहताना ग्रहणचष्मा मुळीच उपयोगाचा नाही, कारण एकवटलेला प्रकाश फिल्म जाळून डोळ्यात शिरतो. दुर्बिणीला सौरगाळणी पुढच्या, म्हणजे सूर्याकडच्या भिंगावरच बसवावी लागते. चष्मा उतरवण्याची मुभा फक्त खग्रास अवस्थेच्या त्या मोजक्या मिनिटांत असते. खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणात एक क्षणही नाही, आणि पुण्यात दिसणारी वरची ग्रहणे सर्व खंडग्रासच आहेत.

ज्यांना वर पाहायचेच नाही, त्यांच्यासाठी आरशाची युक्ती मला सर्वांत आवडते. हातावर मावणाऱ्या आरशावर काळा कागद चिकटवून त्यात पाच मिलिमीटरचे भोक पाडावे आणि आरसा एखाद्या दगडावर मातीत रोवून त्याचा कवडसा दहा मीटर दूर, सावलीत ताणलेल्या पांढऱ्या धोतरावर पाडावा. तिथे सुमारे नऊ सेंटिमीटरचे सूर्यबिंब उमटते. भोक चौकोनी असले तरी बिंब गोलच येते, हे पाहून मुले हमखास वाद घालतात. चंद्र सरकत जातो तसा त्या बिंबाचा घास वाढत जातो. मुलांनी आरशात डोकावू नये म्हणून एका मोठ्या माणसाने तिथे बसून राहावे. स्वयंपाकघरातला झारा किंवा सोऱ्याची शेवेची चकती जमिनीवर धरली तरी प्रत्येक भोकातून एकेक कोर खाली पडते, आणि झाडाच्या पानांच्या फटींखालीही तेच दिसते.

जेवणाचा प्रश्न आधीच मोकळेपणाने विचारावा. बरोबर वेध पाळणारे कोणी असेल तर त्यांच्यासाठी स्पर्शापूर्वी स्वयंपाक उरकावा आणि मोक्षानंतर ताजे काही करावे. ज्यांना पाळायचे नाही त्यांनी दशम्या आणि चटणी हाताशी ठेवावी. यावरून माळावर वाद घालण्यात ग्रहणातला चांगला अर्धा तास जातो, हा अनुभव आहे. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी उपाशी राहू नये.

ग्रहण मोक्षापर्यंत पाहिले तर दोन-तीन तास जातात, पण बहुतेक जण मध्य होताच तंबू गुंडाळू लागतात आणि दिवेघाटात एकाच वेळी गाड्यांची रांग लागते. आपण थांबावे, चष्मे घडी न घालता जाड लिफाफ्यात ठेवावेत आणि लिफाफ्यावर खरेदीची तारीख लिहावी. घरी पोचल्यावर त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी प्रत्येक मुलाला एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचायला सांगावे. एखादा आकडा पुसट किंवा वाकडा दिसतो असे कोणी म्हटले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.