सहावी-सातवीला लेखन शिकवताय? मग या चुका टाळा

फळ्यावर मुद्दे लिहून देणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती करणारे मला दरवर्षी नव्याने भेटतात. मुद्दे दिले की वर्ग शांत बसतो, वह्या भरतात, सत्राचं काम वेळेत उरकतं. मग ती वही उघडावी, तर पहिल्यापासून शेवटच्या मुलापर्यंत तेच काळेकुट्ट ढग आणि थुईथुई नाचणारा तोच मोर.

माण तालुक्यातल्या एका शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. पाऊस हुकलेलं वर्ष, गावात टँकर चालू. आमच्या एका नव्या सहकाऱ्याने सातवीला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ दिला, मुद्दे गाईडमधले. वह्या तपासायला माझ्याकडे आल्या. मुलांच्या निबंधात नद्या दुथडी भरून वाहत होत्या! त्यातल्या एकाला बोलावून विचारलं, “तुझ्या घरी पाणी कुठनं येतं रे?” पोरगं सुटलंच. “टँकर दिसला की घागरी घेऊन मी म्होरं पळतो, आई मागनं येती. नंबर गेला की भांडणं. परवा काकूनं एकीची घागर लाथाडली, सर.” म्हटलं, हेच लिही. तर म्हणाला, “हे निबंधात चालतंय व्हय?”

गाईडने केलेलं नुकसान ते हेच. मुलाकडे सांगायला भरपूर असतं, पण ते ‘चालत नाही’ अशी त्याची खात्री पटलेली असते.

म्हणून मी लिहायच्या आधी बोलायला लावतो. शेजारच्याला पाच मिनिटं सांगायचं, ऐकणाऱ्याने फक्त दोन प्रश्न विचारायचे: मग काय झालं, आणि कोण काय म्हणालं. त्यानंतर वही उघडायची. विषयही चिमटीत मावेल एवढाच द्यावा. ‘माझी आई’ नको, ‘आई चिडली तो दिवस’ द्या. वर्गात गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाचे सर येऊन डोकावतात. डोकावू द्या.

दुसरी चूक लाल पेनाची. पहिल्याच खर्ड्यावर प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला गोल. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये चौदा होते, १९७२ मध्ये चार वाढले. हे अठरा नियम शिक्षकांनाच सलग सांगता येत नाहीत, आणि बारा वर्षांच्या मुलाने ते एका निबंधात पाळावेत? लाल वही पाहिलेलं पोर पुढच्या वेळी धोका पत्करत नाही. येतात तेवढेच शब्द, तीन-तीन शब्दांची वाक्यं. वही स्वच्छ दिसते खरी, पण वाचावं असं तिच्यात काही उरत नाही.

मी पहिला खर्डा पेन खिशात ठेवून वाचतो. दुसऱ्या खर्ड्यात एकच नियम धरतो. गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला, मूल पण मुलाला. पंधरा दिवस तेवढंच. बाकीच्या चुका दिसतात, हात शिवशिवतो, पण सोडायच्या. बोलीचंही तसंच. निवेदन प्रमाण मराठीत आणायला दुसऱ्या खर्ड्यात सांगतो. संवादातलं ‘आई मागनं येती’ मात्र खोडत नाही. त्या काकूला ‘तिने घागर दूर सारली’ असं वळण लावलं, तर भांडणातला जीवच जाईल.

बाकी किरकोळ, पण रोजचं:

शिक्षा म्हणून निबंध देऊ नका. द्यायचीच तर दुसरी कुठलीही शिक्षा द्या.

सुविचाराने सुरुवात आणि ‘म्हणूनच मला अमुक आवडते’ हा शेवट, दोन्हींवर माझ्या वर्गात बंदी आहे.

चांगला निबंध वाचून दाखवताना दर वेळी त्याच हुशार मुलीचा नको. ज्याचं एकच वाक्य जमलंय, त्याचं ते वाक्य वाचा.

मोबाइलवरून उतरवलेला निबंध ओळखायला हेरगिरी लागत नाही. “तिसरा परिच्छेद तोंडी सांग” एवढं पुरतं.

आत्मवृत्तं कमी करा. ‘मी छत्री बोलतेय’ वाचून कंटाळलोय, आणि लिहिणारी मुलंही कंटाळली आहेत.

महिनाभरात फरक दिसेल असं पालकांना सांगणारे क्लासवाले फरक दाखवतातही. पाठ केलेली सुरुवात महिनाभर टिकते.

पत्रलेखन मात्र काल्पनिक नको. शाळेच्या वेळेला एसटी येत नसेल, तर आगार व्यवस्थापकांना खरंच पत्र लिहायला लावा आणि ते टपालात टाका. उत्तर येईल न येईल, पण कुणीतरी वाचणार आहे म्हटल्यावर मुलं स्वतःहून विचारायला येतात, “सर, ‘विनंती’तला वि पहिला का दुसरा?”