घोरण्यावर लेझर: आधी काय तपासावे, नंतर काय सांभाळावे

सुरुवात लेझरने नाही, स्लीप स्टडीने (झोपेतला श्वास मोजणारी तपासणी) करा. झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो, तो आकडा (एएचआय) हाती घ्या: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. नुसते घोरणे असेल तर लेझरचा विचार ठीक. मध्यम-तीव्र स्लीप ॲप्नियावर (झोपेत श्वास अडण्याचा विकार) आधी सीपॅपच (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र) वापरून पाहावे. मग कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने अडथळ्याची जागा शोधून घ्या. अडथळा जिभेच्या मुळाशी किंवा नाकात असेल, तर लेझरने टाळू (तोंडाच्या आतले छत) जाळून काही साधत नाही.

शस्त्रक्रिया बहुधा खुर्चीत बसवून, टाळूपुरती भूल देऊन होते. कार्बन डायऑक्साइड लेझरने पडजिभेच्या दोन्ही बाजूंना उभे छेद घेतात आणि पडजीभ आखूड करतात. व्रण भरताना मऊ टाळू आक्रसतो, ताठ होतो. फडफड कमी होते. एकाच बैठकीत सगळे उरकण्याचा हट्ट धरू नका. जास्त कापले गेले तर पाणी नाकातून येते, आवाज गेंगाणा होतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. घसा १० ते १४ दिवस दुखतो, आणि चांगलाच. थंड, मऊ खा. झणझणीत रस्सा, चिवडा, लिंबू टाळा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोतच. रक्त थांबेना किंवा श्वास कोंडला तर थेट रुग्णालय गाठा.

खरी फसगत पुढे असते: आवाज बंद होतो, श्वास मात्र अडतच राहतो, आणि शेजारी झोपणाऱ्यालाही ते कळत नाही. म्हणून सुमारे ३ महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी करा.