जार पडण्याची वाट न पाहता वासराला चीक कसा पाजावा

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, दौंड अशा पुणे जिल्ह्यातल्या दुधाच्या पट्ट्यात गाय व्यायली की घरातले जाणते माणूस आजही पहिली ताकीद देते ती अशी, की जार, म्हणजे वासरामागून बाहेर पडणारी वार, पडेपर्यंत वासराला चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले दाट दूध, पाजायचा नाही. पाजला तर जार अडतो आणि वासराला हगवण लागते. आमच्या गोठ्यातही ही ताकीद अनेक वर्षे काटेकोरपणे पाळली गेली, आणि आठवड्याच्या आत दगावलेल्या वासरांचा दोष आम्ही कधी थंडीला तर कधी दृष्टीला दिला. चीक कोणत्या वेळी पाजला गेला, याची चौकशी कुणी केली नाही.

या समजुतीची दोन्ही अंगे चुकीची आहेत. गाय-म्हशींच्या जाराची रचनाच अशी असते, की आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातून पोटातल्या वासरापर्यंत पोहोचत नाहीत. माणसाचे मूल काही प्रमाणात ही शिदोरी घेऊन जन्माला येते, वासरू मात्र जवळपास रिकाम्या हाताने येते, आणि ती शिदोरी त्याला केवळ चिकातूनच मिळू शकते. त्यातही घाई अशी, की ही द्रव्ये न पचवता जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता पहिल्या सहा तासांत सर्वांत चांगली असते, तासागणिक कमी होत जाते आणि सुमारे २४ तासांनी जवळजवळ संपते. मध्यरात्री व्यायलेल्या गाईचा जार दुसऱ्या दिवशी दुपारी पडला आणि त्यानंतर चीक पाजला, तर वासराचे पोट भरेल, पण त्याचा खरा उपयोग बराचसा हातचा गेलेला असेल. हगवण चिकाने लागते असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात बहुतेकदा ती चीक उशिरा किंवा अपुरा मिळालेल्या वासरांना लागते.

जाराचे म्हणाल तर वासरू सडाला लागले किंवा धार काढली, की गाय पान्हा सोडते. हा पान्हा ज्या संप्रेरकामुळे सुटतो, त्याच संप्रेरकामुळे गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे चीक पाजण्याने जार अडत तर नाहीच, उलट तो पडण्यास थोडीफार मदतच होते. जार अडण्याची कारणे वेगळी आहेत: दिवस भरण्याआधी विणे, जुळी वासरे, अडलेले बाळंतपण, कॅल्शियमची किंवा सेलेनियमसारख्या खनिजांची कमतरता आणि सांसर्गिक गर्भपाताचा रोग, म्हणजे ब्रुसेलोसिस.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. वासरू बाहेर आले की त्याच्या नाकातोंडातला चिकट पदार्थ पुसावा, गाईला ते चाटू द्यावे आणि नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये नीट बुडवावी. त्यानंतर कास व सड कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत, प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा फेकून द्याव्यात आणि स्वच्छ भांड्यात चीक काढावा. हे सारे पहिल्या तासाभरात, फार तर दोन तासांत झाले पाहिजे. मात्रेचा हिशोब सोपा आहे: पहिल्या २४ तासांत वासराच्या वजनाच्या एक दशांश चीक. ३० किलोच्या संकरित वासराला ३ लिटर लागतात, त्यांतले निदान दीड ते दोन लिटर पहिल्याच वेळी द्यावेत आणि उरलेले पुढच्या आठ ते बारा तासांत. पारडाला हाच नियम लागू आहे. वासरू आपोआप पिईल असे म्हणून सोडून देणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की ते किती प्यायले हे कशावरून ठरवले? कास लोंबती असेल किंवा गाय पहिलारू असून लाथ मारत असेल, तर वासराच्या पोटात पुरेसा चीक जात नाही. म्हणून मोजून, निपल लावलेल्या बाटलीने पाजणे चांगले. बाटली वासराच्या खांद्याच्या पातळीच्या किंचित वर धरावी, मान फार उंच करू नये. बांबूच्या नळकांड्याने ढोसण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण ठसका लागून चीक फुफ्फुसात गेला तर वासरू हातचे जाते. चोखण्याइतकीही ताकद नसेल तर पशुवैद्यकाकडून नळीने पाजून घ्यावा.

चीक दाट आणि पिवळा असला म्हणजे चांगला, हा अंदाज नेहमी बरोबर येतोच असे नाही. नारायणगाव परिसरातल्या द्राक्ष बागायतदारांकडे मण्यांतली साखर मोजण्याचा जो रिफ्रॅक्टोमीटर असतो, तोच येथे कामाला येतो: चिकाचा एक थेंब काचेवर ठेवावा आणि ब्रिक्स, म्हणजे त्या यंत्रावर दिसणारा आकडा, २२ किंवा त्याहून अधिक आले, तर चीक उत्तम समजावा. कमी आले, तर मात्रा वाढवावी किंवा दुसऱ्या निरोगी गाईचा साठवलेला चीक द्यावा. कासदाह झालेल्या सडाचा किंवा रक्त मिसळलेला चीक कधीही पाजू नये.

साठवलेल्या चिकाबाबत शहरातल्या खरवसाची आठवण ठेवावी. खरवस विरजणाशिवाय थिजतो, तो चिकातली प्रथिने उष्णतेने गोठतात म्हणून, आणि वासराला तारणारी प्रतिकारक द्रव्ये हीसुद्धा प्रथिनेच आहेत. त्यामुळे चीक उकळून पाजणे म्हणजे वासराला खरवस खाऊ घालण्यासारखेच आहे. फ्रीझरमध्ये गोठवलेला चीक हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बाटली ठेवून वितळवावा आणि अंगाइतका कोमट झाल्यावर पाजावा. खरवस करणाऱ्या गृहिणीला पहिल्या दिवसाच्या चिकात दूध जास्त मिसळावे लागते आणि तिसऱ्या दिवसाच्या चिकात कमी, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. वासराचा हक्क त्या पहिल्या, सर्वांत कसदार धारेवर आहे. चांगली संकरित गाय वासराच्या गरजेहून पुष्कळ अधिक चीक देते, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना चीक वाटण्याची रीत मोडण्याचे कारण नाही, फक्त क्रम बदलावा.

राहता राहिला जार. तो साधारणपणे ८ ते १२ तासांत पडतो. तोवर लोंबणाऱ्या जाराला दगड किंवा जुनी चप्पल बांधू नये आणि हाताने ओढू नये. जार आत तुटून कुजतो, रक्तस्राव होतो, प्रसंगी मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येते. १२ तास उलटूनही जार पडला नाही, किंवा गाईला ताप आला, तिने वैरण सोडली, तर पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. पडलेला जार उघड्या हातांनी उचलू नये, कारण ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावा आणि कुत्री उकरणार नाहीत इतकी माती वर लोटावी.