सही खरी आहे, पण फाइल बरी आहे का?

जीएसटीची वीस तारीख जवळ आली, की विश्रामबागेतल्या आणि मार्केट यार्डातल्या अकाउंटच्या ऑफिसांतून मला हमखास विचारणा होते. "डीएससी टोकनचा ड्रायव्हर डाउनलोड केलाय. डिजिटल सही पण आहे त्यावर. टाकू ना?" मी उलट विचारतो, सही कुणाची आहे ते वाचलंत का? बहुतेकांनी वाचलेलं नसतं. डीएससी टोकन म्हणजे रिटर्नवर डिजिटल सही करायचं यूएसबी उपकरण, आणि ड्रायव्हर म्हणजे ते कॉम्प्युटरला ओळखता यावं म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरच्या फाइलवर ते बनवणाऱ्या कंपनीचीही डिजिटल सही असते. मी विचारतो ती ही सही.

हळदीच्या पोत्याची शिलाई शाबूत आहे आणि वर पेढीचा मार्का बरोबर आहे, एवढ्यावरून माल कुणाकडून आला आणि वाटेत कुणी पोतं उसवलं नाही, हे कळतं. आत भेसळ आहे का, हे मार्का सांगत नाही. फाइलवरची सहीही तेवढंच सांगते.

आता विंडोजवर ती बघायची कशी ते सांगतो. सेटअपवर डबल क्लिक करायच्या आधी राइट क्लिक करा आणि प्रॉपर्टीज उघडा. वरच्या टॅबमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब दिसतो का बघा. नसेल तर बहुतेक वेळा फाइलवर सहीच नाही. सही नाही म्हणजे व्हायरस आहे, असं मात्र नाही. फाइली आवळून लहान करणाऱ्या सेव्हन-झिपसारखं चांगलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं सहीशिवाय येत आलंय. पण टोकनचा ड्रायव्हर किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बिनसहीचं आलं, तर मी तिथेच हात आखडतो.

टॅब आहे म्हटल्यावर लोक यादीतलं कंपनीचं नाव बघतात आणि खिडकी बंद करतात. खरी गडबड इथेच होते. सही केल्यानंतर कुणी फाइलमध्ये फेरफार केला, तरी यादीत नाव तसंच दिसत राहतं. म्हणून नावावर क्लिक करून 'डिटेल्स' दाबा. वरच्या भागात 'धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके' हे वाक्य हवं. सही 'नॉट व्हॅलिड' असल्याचं लिहिलं असेल, तर फाइल डिलीट करा. पुन्हा घ्यायची तर कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ग्रुपवर कुणीतरी टाकलेली लिंक नको.

वाक्य बरोबर असेल, तर नाव अक्षर न अक्षर वाचा. मालाचा ब्रँड आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असू शकतं, त्यामुळे नाव अनोळखी वाटलं तर घाबरू नका. कंपनीच्या साइटवर ते नाव आहे का ते ताडून बघा. टोकनच्या ड्रायव्हरवर कुठल्या तरी परदेशी, कधी न ऐकलेल्या ट्रेडिंग कंपनीची सही असेल, तर मी तो टाकू देत नाही.

सर्टिफिकेटची, म्हणजे सही करणाऱ्या कंपनीची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, मुदत संपलेली दिसली की काही जण दचकतात. सही करताना वेळेचा शिक्का, म्हणजे टाइमस्टॅम्प, मारलेला असेल आणि तेव्हा सर्टिफिकेट चालू असेल, तर आज मुदत संपली तरी सही ग्राह्य राहते. हा शिक्का 'डिटेल्स'मध्येच खाली 'काउंटरसिग्नेचर्स'खाली दिसतो.

आणि एक. सही मान्य होत नाही म्हणून "आमचं सर्टिफिकेट ट्रस्टेड रूटमध्ये (म्हणजे विंडोज डोळे झाकून मानतं त्या सर्टिफिकेटांच्या यादीत) टाका" असा सल्ला फाइल पाठवणाराच देत असेल, तर ऐकू नका. एकदा टाकलंत, की त्या माणसाने सही केलेलं काहीही तुमच्या मशीनला खरं वाटायला लागतं.

एवढं सगळं जुळूनही फाइल वाईट निघू शकते. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसच्या फाइलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या सर्टिफिकेटनी केलेल्या सह्या होत्या. सही करायच्या गुप्त डिजिटल किल्ल्या चोरलेल्या, पण विंडोजच्या हिशेबी सही पक्की. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीत तर कंपनीच्या आतच घुसखोरी झाली होती. कंपनीच्याच साइटवरून, कंपनीच्याच खऱ्या सहीने ती बाहेर पडली. किल्ल्यांची चोरी अवघड व्हावी म्हणून १ जून २०२३ पासून सॉफ्टवेअर कंपन्यांनाही सहीची किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. थोडक्यात, तुमच्या सीएकडे आहे तसलंच टोकन त्यांच्याकडेही आलं.

म्हणून सही तपासून झाली की मी फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाकतो. तिथे ती एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसच्या नजरेखालून जाते. एखाद्यानेच लाल दाखवलं तर ती चुकीची हाकाटी असू शकते. नामांकित चार-पाच जणांनी दाखवलं तर विषय संपला. एकानेही दाखवलं नाही, पण फाइल तिथे आजच पहिल्यांदा पोचली असेल, तर मी दोन दिवस थांबतो आणि पुन्हा तपासतो. नवीन व्हायरस ओळखायला अँटिव्हायरसवाल्यांनाही वेळ लागतो. तोवर रिटर्न भरायचं असेल, तर ओटीपीने भरता येतं का ते बघा. कंपनी आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) सोडून बाकीच्यांना तशी सोय आहे.

व्हायरसटोटलवर टाकायचे ते फक्त सेटअप आणि ड्रायव्हर. व्यापाऱ्याचा ताळेबंद, पॅनकार्डाची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट यातलं काहीही टाकू नका. तिथे चढवलेल्या फाइली पैसे भरणाऱ्या सभासदांना उतरवून घेता येतात.