शंभर डिग्री दिसली की पेस्ट मागवू नका, आधी कूलर काढून बघा

चवथ झाली की माझा फोन वाजायला लागतो. सेलमध्ये सुटे भाग घेतलेले असतात, दोन रात्री जागून मशीन जोडलेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो येतो. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० डिग्री. खाली एकच प्रश्न: "कुठली पेस्ट घेऊ?" म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर यांच्यामध्ये उष्णता पोचवायला लावतात ती थर्मल पेस्ट.

फोंड्यात मशीनं जोडून द्यायला लागलो त्याला बरीच वर्षं झाली. नव्या मशीनचा प्रोसेसर तापतोय आणि दोष पेस्टच्या कंपनीचा निघाला, असं माझ्याकडे एकदाही झालेलं नाही. साधी पेस्ट आणि भारीतली पेस्ट यांत दोन-चार डिग्रींचा फरक पडतो. तुमच्या तीस डिग्री दुसरीकडेच कुठेतरी अडकल्या आहेत.

म्हणून मी उलट विचारतो: तापमान किती वेळात चढलं? याचं उत्तर शंभरातल्या नव्वद जणांकडे नसतं. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं सिनेबेंच सुरू करा आणि घड्याळ बघा. दोन-तीन सेकंदांत काटा ४५ वरून थेट १०० वर आदळला, तर कूलर प्रोसेसरला नीट टेकलेला नाही. एक-दोन मिनिटं लागली, तर पंखा किंवा, पाण्याचा कूलर असेल तर, पंप फिरत नसणार. दहा-पंधरा मिनिटं जिना चढल्यासारखं सावकाश वर गेलं, तर कूलरचं काम ठीक चाललंय, कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नाहीये. एवढं कळलं की अर्धं काम झालं. पण एवढी पंधरा मिनिटं बसायचा धीर कुणाला असतो? तोवर पेस्टची ऑर्डर गेलेली असते.

कूलर घट्ट आहे म्हणजे टेकलाय, असं समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कारण एकदा मीही हिच्यात सापडलो.

दोन वर्षांपूर्वीचा जून. वाळपईहून एक मुलगा वडिलांच्या पिकअपमधून मशीन घेऊन आला, निळ्या ताडपत्रीत गुंडाळून. प्रोसेसर इंटेलच्या बाराव्या पिढीचा आय७ १२७००, कूलर दोन टॉवरचा, चांगला वजनदार. तो मुंबईच्या मावसभावाने स्वतःच्या दहाव्या पिढीच्या मशीनवरून काढून दिलेला. नुसतं विंडोज चालू असताना ६० डिग्री, गेम लावला की १०० आणि गेम अडकत अडकत चालायचा. पोराने चार वेळा पेस्ट बदलली होती. शेवटची ट्यूब तर मासळीच्या चार थाळ्यांच्या भावाची. "काका, कूलर एकदम घट्ट आहे, मी बघितलंय," तो म्हणाला. मीही हलवून बघितला. घट्टच होता. मग मी शहाण्यासारखा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, शिरलो. पंख्यांचा वेग, व्होल्टेज, पॉवर लिमिट, सगळं चाळत तासभर घालवला.

तेवढ्यात वीज गेली. बाहेर धो धो पाऊस, करण्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून मोबाइलच्या उजेडात कूलर उघडला.

पेस्टचा ठसा बघितला आणि माझाच मला राग आला. कूलर नीट बसलेला असेल तर पेस्ट मधोमध इतकी पातळ होते की खालचा धातू दिसतो, आणि जास्तीची पेस्ट कडेला जाऊन तिची बारीक किनार बनते. इथे मधोमध पेस्ट पावाला लोणी फासल्यासारखी जाड होती, पसरताना उठलेल्या रेघांसकट. दाबल्याची खूण फक्त एका कडेला.

कारण साधं होतं. इंटेलची बारावी पिढी २०२१ मध्ये एलजीए १७०० हे नवं सॉकेट (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) घेऊन आली. बोर्डावरच्या कूलरच्या भोकांमधलं अंतर त्याआधी ७५ मिलिमीटर होतं, ते ७८ झालं. हे सगळ्यांना कळतं, कारण भोकं जुळली नाहीत तर स्क्रू बसतच नाही. कळत नाही ती दुसरी गोष्ट: या सॉकेटमध्ये प्रोसेसरचा माथाही आधीपेक्षा साधारण पाऊण मिलिमीटर खाली आला. त्यामुळे कूलर ज्यांवर उभा राहतो ते धातूचे छोटे खांब, स्टँडऑफ, तेही बुटके लागतात. पोराने मागची पट्टी बरोबर ७८ वर सरकवली होती, पण स्टँडऑफ जुन्या कूलरबरोबर आलेले, उंच. स्क्रू शेवटपर्यंत फिरले, हाताला घट्ट लागले. घट्ट झाले ते स्टँडऑफवर. प्रोसेसरवर कूलर जेमतेम टेकलेला.

माझ्याकडे काजूचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात वर्षानुवर्षांचे स्क्रू आणि बोल्ट पडलेले असतात. त्यात थ्रेड आणि उंची दोन्ही जुळणारे चार स्टँडऑफ मिळाले. ही काही योग्य पद्धत नव्हे. बऱ्याच कूलर कंपन्या नव्या सॉकेटची किट वेगळी देतात, ती मागवावी. पण वाळपईचा माणूस पावसात परत पाठवायचा म्हणजे... असो. वीज आल्यावर मशीन लावलं: नुसतं चालू असताना ४३, सिनेबेंचला ८२.

"म्हणजे पेस्ट ठीकच होती?" पोराने विचारलं. त्याच्या वडिलांनी काही न बोलता टेबलावरची ती महागडी ट्यूब उचलून बघितली आणि परत ठेवली.

तेव्हापासून मी आधी ठसा बघतो, बायोस नंतर. कूलर बसवायचा, सगळे स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून फिरवत आवळायचे, मग मुद्दाम परत काढून ठसा बघायचा आणि पुसून नवी पेस्ट लावून कायमचा बसवायचा. यात पाव चमचाभर पेस्ट वाया जाते. जाऊ दे.

इंटेलच्या डब्यात मिळणाऱ्या कूलरला स्क्रू नसतात, चार खुंट्या असतात. त्या दाबून बसवायच्या, टक् आवाज येईपर्यंत. पुष्कळ जण त्या स्क्रूसारख्या फिरवतात. खुंटीवर बाण असतो, त्या दिशेने फिरवलं की ती सुटते! बसवल्यावर बोर्ड उलटा करून चारही खुंट्यांचे पाय मागे पूर्ण बाहेर आलेत का, बघा. तीन बसलेल्या आणि एक लोंबकळणारी, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कोपरासुद्धा ओळखतो. बहुतेक वेळा रॅमच्या बाजूचा, जिथे बोट नीट पोचत नाही.

झटपट आटपायच्या चुका

कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक न काढणं. हसू नका, माझ्या पहिल्या मशीनवर मीच ठेवलं होतं. काढा असं त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं.

कूलरला कारखान्यातूनच पेस्ट लावून आलेली असताना वर आणखी एक थर देणं. नको. आणि पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. टूथपेस्ट चालते असं सांगणारे व्हिडिओ बघून जो येतो, त्याला मी चहा देतो आणि परत पाठवतो.

लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू. नवशिक्याने हात लावू नये. त्यातून वीज वाहते, थेंब बोर्डावर सांडला की खेळ खलास. शिवाय त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खातं.

पेस्ट पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. एकाने फेणी वापरली होती. "अल्कोहोलच ना?" फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, बाब. पाच दिवस त्या दुकानात काजूचा वास होता.

पाण्याच्या कूलरचा पंप जोडायला विसरणं. रेडिएटरचे पंखे फिरतात, दिवे लागतात, सगळं छान दिसतं. प्रोसेसरवरचा ठोकळा हाताला चटका देणारा आणि रेडिएटर थंडगार, तर पंप बंद आहे.

एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर कूलर सरळ वर ओढणं. पेस्ट वाळलेली असली तर प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

९५ दिसले की घाबरणं

एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतले ७७००एक्स, ७९५०एक्स यांसारखे चिप पूर्ण लोडवर ९५ डिग्रीपर्यंत जातात, कारण ते तसेच बनवले आहेत. थोडी जागा दिसली की चिप वेग वाढवतो आणि परत ९५ गाठतो. कूलर बदलून आकडा फारसा हलत नाही, वेग वाढतो. आकडा डोळ्यांना खुपत असेल तर बायोसमध्ये इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायची सोय, लावा. ६५ वॉटच्या इको मोडमध्ये चिप ८८ वॉटपर्यंतच वीज घेतो. गेममध्ये फरक शोधून सापडणार नाही. मी स्वतःच्या मशीनवर तेच करतो.

इंटेलची गोष्ट वेगळी. पुष्कळ बोर्ड कारखान्यातूनच पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने किती वीज घ्यायची ती मर्यादा, मोकळं सोडून येतात, बायोसमध्ये चक्क ४०९५ वॉट लिहिलेलं दिसतं. म्हणजे मर्यादाच नाही. आय७ १२७०० ची इंटेलने दिलेली कमाल मर्यादा १८० वॉट आहे, ती स्वतः टाका. तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर सगळ्यात आधी बायोस अपडेट. जादा व्होल्टेजमुळे ते चिप खराब होत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं, इंटेलने त्यावर मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, ती बायोस अपडेटमधूनच येते) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे काम उद्यावर ढकलू नका.

टेबलाच्या खणात कोंबणं

आपल्याकडे सुताराला कॉम्प्युटर टेबल सांगितलं की तो न विचारता कॅबिनेटसाठी एक खण करतो. तीन बाजूंनी प्लाय, मागे प्लाय, वायरसाठी रुपयाएवढं भोक. त्यात लोक चार पंख्यांचं गेमिंग कॅबिनेट सरकवतात. मागून निघालेली गरम हवा प्लायवर आपटते, कडेकडेने पुढे येते आणि पुढचे पंखे तीच परत आत ओढतात. पंधरा मिनिटांचा जिना तो हाच.

त्यात आपली हवा. कुठलाही पंखा किंवा रेडिएटर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. व्हिडिओतला माणूस २२-२३ डिग्रीच्या एसी खोलीत ७० दाखवतो. तुमच्या खोलीत मे महिन्यात ३३ असतील तर तेच मशीन ८० दाखवणार, आणि ते बरोबर आहे. मी भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा आधी कागदावर लिहितो आणि प्रोसेसरच्या आकड्यातून वजा करतो. तुलना करायची ती त्या उरलेल्या आकड्याची.

पंख्यांची दिशा तपासायला उदबत्ती लावा. पुढच्या जाळीपाशी धूर आत ओढला जायला हवा, मागे बाहेर फेकला जायला हवा. मागचा पंखा उलटा बसवलेला असला तर लगेच दिसतं. नंतर उदबत्ती लांब न्या. देवघराशेजारी मशीन ठेवणाऱ्यांच्या फिल्टरवर तेलकट काजळी बसते, ती ब्रशने निघत नाही.

खणाची शंका असेल तर एक संध्याकाळ मशीन बाहेर काढून पाटावर ठेवा. जमिनीवर नको, पावसात फरशीला घाम फुटतो. तेवढ्यानेच दहाएक डिग्री उतरल्या तर दोष खणाचा. माशेलच्या एका घरी असंच निघालं, ९२ वरून ७९. मालकाला नवा कूलर घ्यायचा होता. मी म्हटलं सुताराला बोलवा. त्याने जिगसॉने मागची प्लाय कापली, वीस मिनिटांचं काम, आणि कापलेला तुकडा घरच्या आजीने तुळशीपाशी समई ठेवायला मागून घेतला.